अकालजात अर्भकांतील वेदनाशमन

अकालजात अर्भकांतील वेदनाशमन : गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना तपासण्या व उपचारांच्या वेळी होणाऱ्या वेदना टाळणे, ओळखणे व कमी करणे. टाचेला टोचून रक्त घेणे, शिरेत सुई लावणे, श्वासनलिकेत नळी घालणे, चिकटपट्टी काढणे, दृष्टिपटलाची तपासणी ही या वेदनांची नेहमीची कारणे होत.

इतिहास : नवजातांची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्यांना वेदना जाणवत नाहीत, हा समज १९८० च्या दशकापर्यंत रूढ होता. १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या अकालजात बाळावर केवळ स्नायू निश्चल करणारे औषध देऊन हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली. त्याची आई जिल लॉसन हिने ही गोष्ट जाहीरपणे मांडली. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले कन्वलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेले संशोधन १९८७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेवेळी फेंटानिल हे वेदनाशामक औषध मिळालेल्या अकालजात बाळांमध्ये ताणाची संप्रेरके कमी वाढली व गुंतागुंतही कमी झाली, असे त्यात दिसले.

ओळख : वेदनेला आवर घालणारे चेतामार्ग उशिरा पक्व होतात, त्यामुळे या बाळांना कळ अधिक लागते. मात्र रडण्याइतके बळ अनेकांच्या अंगी नसते. कपाळाला आठी पडते, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारची घडी खोल होते. नाडी वाढते, रक्तातील ऑक्सिजन उतरतो. या खुणांसोबत गर्भवय व जागेपणाची स्थिती विचारात घेऊन गुण देणारी ‘पिप’ मापनपद्धती १९९६ पासून उपलब्ध आहे. अतिशय लहान किंवा थकलेले बाळ नुसते निपचितही पडते. ते शांत आहे म्हणून त्याला दुखत नाही, असे मानू नये.

उपाय : अनावश्यक टोचणी टाळणे हा पहिला उपाय. लहान प्रक्रियेच्या सुमारे दोन मिनिटे आधी साखरद्रावणाचे किंवा आईच्या काढलेल्या दुधाचे थेंब जिभेवर देतात. परिचारिका एक तळवा डोक्यावर ठेवते, दुसऱ्याने हातपाय पोटाशी जुळवून धरते. गर्भाशयातल्यासारखी ही घडी बाळाला स्थिरावते. बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या कांगारू मातृसेवेत बाळ आईच्या उघड्या छातीशी राहते. त्याच स्थितीत टाच टोचल्यास वेदना कमी होतात. शस्त्रक्रियेसाठी मात्र योग्य भूल आणि वेदनाशामक औषधे अनिवार्य आहेत.

सद्यःस्थिती : पॅरिस परिसरातील ४३० नवजातांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७९ टक्के वेदनादायक प्रक्रिया विशिष्ट वेदनाशमनाविना झाल्याचे आढळले. ज्ञान हाताशी असूनही ते दर टोचणीच्या वेळी पाळले जाणे, हे या क्षेत्रातील उरलेले काम आहे.