वाकोल्याची खोली, पुण्याचा फोन

भोकरदनचा इतिहास सांगायला बसलेला माणूस केळना नदीच्या काठापासून सुरुवात करतो. भोगवर्धन, सातवाहनांचा काळ, उत्खननात निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, सांचीच्या स्तूपाला दान देणारे इथले लोक. त्याचा अभिमान मलाही आहे. पण मी तालुक्याच्या पातळीवर एचआयव्ही समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केले आणि त्या कामात मला जो इतिहास कळत गेला, तो फार जुना नाही. तो मुंबई-पुण्यात घडला आणि त्याचा एक धागा आमच्या एसटी स्टँडपर्यंत येऊन पोहोचला. समलिंगी पुरुषांनी एकमेकांच्या मदतीसाठी उभ्या केलेल्या संस्थांचा हा इतिहास आहे. आमच्याकडे तो कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला घेतला.

लोक म्हणतात, ही सगळी बाहेरून आलेली थेरं. त्यांना मी आधी र. धों. कर्व्यांची आठवण करून देते. त्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्यात वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तर देत. प्रश्न लैंगिक असत, उत्तरे सरळ असत. १९३३ च्या अखेरीस छापलेल्या अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. १९३४ मध्ये मुंबईच्या कोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक शिक्षण देणाऱ्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही तर करायचे काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. समलिंगी ओढीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिसच्या अभ्यासाचा दाखला दिला. कोर्टाने ऐकले नाही, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले.

तो प्रश्न विचारणारा वाचक कोण होता, कोणत्या गावचा होता, त्याचे पुढे काय झाले, याचा मी खूपदा विचार करते. त्याला एक मासिक मिळाले आणि कोर्टाने त्या मासिकालाच दंड केला. पुढची पन्नासेक वर्षे अशा माणसाने जायचे कुठे, याला महाराष्ट्रात उत्तर नव्हते. १९८१ मध्ये तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आले, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली समलिंगी मित्रा उभी केली, लोकांनी ते पाहिले, चर्चाही झाली. पण नाटक पाहून घरी परतलेल्या एखाद्या मित्राने दुसऱ्या दिवशी कोणाचे दार ठोठावायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

१९८६ हे वर्ष मी माझ्या वहीत ठळक लिहून ठेवले आहे. त्या वर्षी चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्ताच्या नमुन्यांत एचआयव्ही सापडला. भारतातली ती पहिली नोंद. त्याच वर्षी मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे नावानिशी, जाहीरपणे सांगितले. आजाराची बातमी आणि एका माणसाचे धाडस, यांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पुढे तो आला.

१९९० मध्ये कवी आणि त्यांच्या मित्रांनी ‘बॉम्बे दोस्त’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. ते मुख्यतः इंग्रजीत होते, पण त्याला देशभरातून पत्रे येऊ लागली आणि पत्रांमधून दिसू लागले की नुसत्या छापील कागदाने भागणार नाही. माणसांना बसायला जागा हवी आहे, डॉक्टर हवा आहे, वकील हवा आहे. १९९४ मध्ये अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी हमसफर ट्रस्ट स्थापन केला. अमेरिकेत लॉस एंजेलिसला समलिंगी लोकांनी आपले सेवाकेंद्र १९७१ मध्येच एका जुन्या घरात सुरू केले होते. आपल्याकडे ते यायला दोन दशके गेली, आणि आले तेव्हा मुंबई महापालिकेच्या जागेत आले. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात, नेहरू रोडवरच्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत हमसफरला जागा मिळाली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दंडसंहितेचे ३७७ कलम, जे १८६२ पासून अशा संबंधांना गुन्हा म्हणत होते, ते जिवंत असताना एका महापालिकेने या लोकांना छप्पर दिले.

त्या जागेला कामाच्या भाषेत ‘ड्रॉप-इन सेंटर’ म्हणतात. तिथे गुप्तरोगाची तपासणी आणि उपचार होत, कंडोम मिळत, समुपदेशक भेटत, आठवड्याच्या बैठका होत. कार्यकर्ते पिशवीत कंडोम आणि माहितीपत्रके घेऊन संध्याकाळी स्टेशनांवर, बागांमध्ये, जिथे असे पुरुष एकमेकांना भेटत तिथे जात. पोलिसांनी धरलेल्याला सोडवायला जात. घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांना तोंड देत. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही त्यांच्या मदतीने तपासणीची सोय झाली.

या कामाचा पैसा एड्सच्या खात्यातून आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, नंतर समलिंगी पुरुषांसाठी ‘लक्ष्यगट प्रकल्प’ आले. आम्ही त्यांना टीआय म्हणतो. इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण मी त्या यंत्रणेतच वाढले. सरकारने पैसा रोगासाठी दिला, माणसांसाठी दिला नाही. महिन्याच्या अहवालात किती कंडोम वाटले, किती चाचण्या झाल्या, किती पॉझिटिव्ह आले, याचे रकाने असत. लग्न मोडले, घरातून हाकलले, विहिरीच्या काठावरून माघारी आणले, याला रकाना नव्हता. तरीही वाकोल्याच्या खोलीत हे सगळे झाले. रोगाच्या पैशात या लोकांनी माणुसकीचे काम बसवले, आणि त्याबद्दल त्यांना पुरेसे श्रेय कधी मिळालेले नाही.

हे काम सुरक्षित नव्हते. जुलै २००१ मध्ये लखनौला अशाच संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले. त्यांच्याकडची एड्सची माहितीपत्रके हाच पुरावा ठरवला आणि त्यांना दीड महिन्याच्या आसपास तुरुंगात ठेवले. त्याच वर्षी एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यांचे म्हणणे आमच्या रोजच्या अनुभवाचे होते: ज्याला गुन्हेगार ठरवले आहे, तो तपासणीला येणार कसा?

पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे सॉफ्टवेअरच्या नोकरीतले, अमेरिकेत राहून आलेले. घरच्यांच्या दबावात लग्न आणि मग घटस्फोट, हे त्यांनी स्वतः भोगलेले आणि स्वतः जाहीरपणे सांगितलेले आहे. त्यांच्या कामाचे मला सर्वांत मोल वाटते ते एका कारणासाठी: त्यांनी हा सगळा विषय मराठीत आणला. ‘पार्टनर’ (वपुंचे ‘पार्टनर’ वेगळे) ही समलिंगी मुलाची गोष्ट, ‘इंद्रधनु’ हे कायदा, वैद्यक, धर्म, पालक सगळ्यांना भिडणारे माहितीचे पुस्तक, आणखीही कितीतरी लेखन. हेल्पलाइन चालवली, मराठीत. ११ डिसेंबर २०११ ला पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा काढली. नागपुरात सारथी ट्रस्ट उभा राहिला, तिथेही २०१६ मध्ये पदयात्रा निघाली. पदयात्रांच्या बातम्या पेपरात येतात, फोटो येतात. मला मात्र विचाराल तर हेल्पलाइन आधी, पदयात्रा नंतर.

याचे कारण आमच्याकडे आहे.

तपासणी केंद्रात माणूस आला की आधी समुपदेशन, मग त्याची संमती, मग रक्त, मग निकाल सांगताना पुन्हा समुपदेशन, असा क्रम असतो. जोखमीचा प्रश्न विचारायची एक ठरलेली पद्धत पूर्वी सगळीकडे होती: “बाहेर कुठल्या बाईशी संबंध आला का?” पुरुषांशी संबंध असलेला माणूस अगदी खरे बोलून “नाही” म्हणायचा. उत्तर खरे, आणि रकाना कोरा. एका प्रशिक्षणात अशाच संस्थेत काम केलेल्या एका कार्यकर्त्याने आम्हाला शिकवले की असे विचारा: “तुमचे संबंध बायांशी, पुरुषांशी, की दोघांशी?” चेहऱ्यावर काही न आणता, बीपी विचारतो त्याच आवाजात. मी परत येऊन तसे विचारायला लागले. पहिले काही दिवस माणसे दचकली. मग उत्तरे येऊ लागली. मक्याच्या, मिरचीच्या शेतात राबणारी, सीड प्लॉटवर मजुरी करणारी, टेम्पो चालवणारी, लेकराबाळांची माणसे. त्यांना ‘गे’ हा शब्द माहीत नव्हता. त्यांच्याकडे शिव्या तेवढ्या होत्या, ज्या गावाने त्यांना दिल्या होत्या.

एक मुलगा आठवतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही आणि तपशीलही बदलले आहेत. निकाल निगेटिव्ह आला तरी तो उठेना.

“मॅडम, लगन ठरलंय माझं. सुपारी फुटली.”

“मग?”

“मला बायांचं तसलं काही वाटतच नाही. पहिल्यापासूनच नाही. कुणाला सांगू? बापाला सांगितलं तर तो औषध घील.”

औषध म्हणजे पिकावर मारायचे विष. आमच्या भागात या शब्दाचा दुसरा अर्थ कोणी विचारीत नाही.

माझ्याकडे त्याला द्यायला पुण्याच्या हेल्पलाइनचा नंबर होता. तो त्याने चिठ्ठीवर लिहून घेतला नाही, पाठ केला. चिठ्ठी घरी सापडली असती. काही आठवड्यांनी आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, तिकडचा माणूस मराठीत बोलला. माझ्यासारखाच हाय म्हणे तो.” एवढेच सांगायला तो आला होता. लग्नाचे पुढे काय झाले ते त्याचे त्याच्याजवळ राहू द्या. पण मी त्या दिवशी त्याचा चेहरा पाहिला आहे. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला जे मिळायला हवे होते, ते या पोराला मिळाले.

कायद्याचा प्रवास आता सर्वांना ठाऊक आहे. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ ची धार काढली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे बाहेर काढले. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. ‘बरे करतो’ म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. आमच्या कामाच्या दृष्टीने आणखी एक तारीख महत्त्वाची, ती कोणी लक्षात ठेवत नाही: १० सप्टेंबर २०१८. ३७७ च्या निकालानंतर चारच दिवसांनी एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. तपासणीसाठी संमती आणि निकालाची गुप्तता ही आता उपकाराची गोष्ट राहिलेली नाही, ती कायद्याने बंधनकारक आहे.

पण कायदा दिल्लीहून भोकरदनला येतो तेव्हा त्याच्याबरोबर खोली येत नाही. वाकोल्यासारखी जागा भोकरदनमध्ये आज उभी राहील, अशी मला आशा नाही. इथे कोण कुणाच्या दारात शिरले, हे संध्याकाळपर्यंत गावाला कळते. नावाची पाटी लावलेल्या केंद्रात आमच्याकडचा माणूस पाय ठेवणार नाही. त्याला अशी जागा लागते, जिथे जायला दुसरी शंभर कारणे असतात. सरकारी दवाखाना ही तशी जागा आहे. तिथे माणूस खोकल्यालाही जातो. तपासणीची खोली तिथे आधीच आहे, खुर्ची आहे, समुपदेशक आहे, दार लोटून घेता येते. मुंबई-पुण्याच्या लोकांनी तीस वर्षांत जे शिकून ठेवले, ते त्या खुर्चीतल्या माणसाला शिकवणे, एवढेच काम उरले आहे. त्याला नवी इमारत लागत नाही.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला: समुपदेशकांच्या प्रशिक्षणात या संस्थांच्या माणसांना बोलवा, त्यांना बोलू द्या. तालुक्याच्या वाचनालयांना: खिऱ्यांची पुस्तके मागवा आणि ती कपाटात कुलपाआड न ठेवता मांडणीत ठेवा, कोणी घरी नेली तर नाव मोठ्याने वाचू नका. आणि आईबापांना: पोरगा लग्नाला नाही म्हणतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा मांत्रिकाकडे नेण्याआधी, सुपारी फोडण्याआधी त्याच्याजवळ बसा. एचआयव्हीविषयी काही विचारायचे असेल तर १०९७ आणि मनाविषयी बोलायचे असेल तर १४४१६, हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत आणि मराठीत बोलता येते. दवाखान्यातली तपासणीही फुकट आहे, आणि निकाल गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.