‘डिजिटल अटक’ : तोतया अधिकारी कसा ओळखाल?

व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस दिसतो. तो सांगतो, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डाचा गुन्ह्यात वापर झाला आहे. तुम्ही अटकेत आहात. कॅमेरा बंद करू नका, घरी कुणाला सांगू नका. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सीबीआय किंवा न्यायालयाच्या नावाचे बनावट पत्र येते आणि ‘पडताळणीसाठी’ खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात भरायला लावतात. यालाच ‘डिजिटल अटक’ म्हणतात. कायद्यात अशी अटकच नाही.

आंदोलनात गुन्हे दाखल झालेल्या कार्यकर्त्याला असा फोन चटकन खरा वाटू शकतो. म्हणून खरी अटक कशी होते, हे माहीत असले पाहिजे.

संविधान काय सांगते?

अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीला,
• अटकेचे कारण सांगावेच लागते.
• आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो.
• प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ही तरतूद ‘अनुच्छेद १५-अ’ म्हणून मांडली होती. तोतया अधिकारी म्हणतो, कुणाशी बोलू नका. संविधान म्हणते, वकिलाशी बोला. तो खोटा आहे, हे एवढ्यावरूनच कळते.

चौकशीला हजर राहण्याची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली दिली जाते. ही नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

इतर सोंगे

• शिष्यवृत्ती अधिकारी : ‘रक्कम अडकली आहे, ओटीपी सांगा’ म्हणतो. अर्जाची स्थिती महाडीबीटीवर लॉगिन करून स्वतः पाहा किंवा महाविद्यालयात विचारा.
• ओळखीचा कार्यकर्ता : त्याचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून दवाखान्यासाठी तातडीने पैसे मागितले जातात. आधी त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा.
• ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा : यूपीआय पिन पैसे देताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

असा फोन आला तर

फोन ठेवा. वाद घालू नका, कोणतेही ॲप उतरवून घेऊ नका. घरच्यांना किंवा ओळखीच्या वकिलाला लगेच सांगा. शंका राहिलीच तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

पैसे गेले असतील तर

१. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येऊ शकते, म्हणून उशीर करू नका.
२. बँकेला कळवून व्यवहार थांबवायला सांगा.
३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. फोन नंबर, व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा. चॅट पुसू नका.
४. ‘आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाले तर झिरो एफआयआरची मागणी करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते.

फसलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि त्यात मोलाचे तास जातात. त्याला दोष देऊ नका. त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. वस्तीतल्या पुढच्या बैठकीत १९३० हा क्रमांक आणि अनुच्छेद २२ फळ्यावर लिहा.