स्टॅग मास्तरांचं मैदान

गादीवर झेप घ्या. अशी नव्हे, खाली, मांड्यांच्या उंचीवर. खांदा आत घुसवा, हात मागून आवळा आणि पाय थांबवू नका. 1889 साल आहे, गाव न्यू हेवन, कॉलेज येल. गुंडाळून बांधलेली ही गादी म्हणजे समोरच्या संघाचा गडी. एकमेकांची हाडं मोडण्यापेक्षा गादीवर सराव केलेला बरा, ही कल्पना बाजूला उभ्या असलेल्या त्या बुटक्या, काटक तरुणाची. नाव एमॉस अलॉन्झो स्टॅग, वय सत्तावीस, शिक्षण धर्मशास्त्राचं.

हा अमेरिकी फुटबॉल, आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबुळका, तो काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी लोळवायचं. डोक्यावर काही नाही. चेंडू पुढे फेकायला बंदी, त्यामुळे सगळा मामला मुसंडीचा.

स्टॅग न्यू जर्सीतल्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. येलला आल्यावर माळ्यावरच्या थंडगार खोलीत राहिला आणि पोटाला इतका चिमटा काढला की आजारी पडला. बेसबॉलमध्ये मात्र त्याची गोलंदाजी अशी की व्यावसायिक संघ पैसे घेऊन मागे लागले. त्याने नाही म्हटलं. पैशासाठी खेळणं त्याला पटत नाही. देशातल्या उत्तम अकरा फुटबॉलपटूंची पहिली यादी याच वर्षी निघते आणि तिच्यात तो आहे. व्हायचं होतं धर्मोपदेशक, पण प्रवचनाला उभा राहिला की शब्द फुटत नाहीत. मग मैदानावरच उपदेश करायचं ठरवून तो स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जातो. तिथे नुकत्याच जन्मलेल्या बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना मार्च 1892 मध्ये होतो. शिक्षक विद्यार्थ्यांकडून 5-1 असे हरतात. शिक्षकांचा तो एक गुण स्टॅगचा.

त्याच वर्षीच्या शरदात शिकागोला या. विद्यापीठ अगदी कोरं. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येलमधला आपला हा जुना विद्यार्थी थेट प्राध्यापकाच्या दर्जावर, कायमच्या नोकरीवर आणलाय. पोरं जेमतेम जमलीत, तेव्हा सुरुवातीच्या सामन्यांत मास्तर स्वतःच खेळतात. तुमच्या शेजारी तेही चिखलात. कोणाची तक्रार नाही, नियमांत बसतं.

आता 30 नोव्हेंबर 1905. कानाला रुमाल बांधा, थंडी बोचरी आहे. सुमारे 27,000 माणसं मैदानाभोवती दाटली आहेत. पैशासाठी खेळणं अमान्य असलेल्या मास्तरांचा खेळ बघायला इतकी गर्दी तिकीट काढून आली आहे. ही विसंगती मास्तरांना फारशी टोचत नसावी. खेळाडूने पैसे घेतले नाहीत म्हणजे झालं. समोर मिशिगन, 1901 पासून 56 सामन्यांत एकदाही न हरलेला. दोन्हीकडून नुसत्या धडका, गुण कोणालाच नाही. दुसरा डाव सरत आला. शिकागोचा एकरसॉल चेंडू उंच, लांब टोलवतो. मिशिगनचा डेनी क्लार्क तो आपल्या गोलरेषेच्या मागे झेलतो. तिथेच गुडघा टेकला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो पळत सुटतो. शिकागोचे गडी त्याच्यावर आदळतात आणि त्याला रेषेमागे ढकलतात. दोन गुण! 2-0. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या पाठीत गुद्दे घालतोय, घालू द्या. आजारी हार्पर पुढच्या जानेवारीत कॅन्सरने जातील. त्यांच्या हयातीतला हा शेवटचा हंगाम.

या हंगामात देशभरात पोरं मैदानावर मेलीत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्येच बड्या कॉलेजांच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खडसावलंय. 1906 मध्ये नियम बदलतात, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळते. नियम समितीत स्टॅगही आहेत, आणि नव्या पासच्या चाली आखायला ते बसतात. मला विचाराल तर त्यांचं खरं मोठेपण यात आहे: जुन्या मुसंडीत हयात गेलेला माणूस नव्या खेळावर रुसून बसला नाही.

1932 मध्ये सत्तरी भरल्यावर विद्यापीठ त्यांना मैदानावरून उठवतं. बिनकामाचं मानाचं पद पुढे करतं. ते धुडकावून मास्तर कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जातात. शिकागो 1939 मध्ये फुटबॉलच बंद करतं. 2 डिसेंबर 1942 रोजी तिथल्या स्टॅग फील्डच्या पश्चिम स्टँडखाली डोकावलात, तर ग्राफाइटच्या भुकटीने काळवंडलेली माणसं दिसतील: एन्रिको फर्मी आणि मंडळी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया चालवत आहेत. मैदानाला नाव मास्तरांचं, काम अणुभट्टीचं.

आणि मास्तर? 1943 मध्ये स्टॉकटनला, नौदलाच्या प्रशिक्षणार्थी पोरांना घेऊन बड्या संघांना घाम फोडताहेत. वयाच्या 81व्या वर्षी देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड होते. पुढे 1947 मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅनाला जातात. तिथे मुलगा मुख्य प्रशिक्षक असतो, आणि वडील त्याच्या जोडीला चाली शिकवायला मैदानात उतरतात.