घाटाचा राजा

भंडारा जिल्ह्यांतील एकोडीसारख्या गांवीं सायकल ही खेळाची वस्तु नव्हे. तळीं आणि धानाचीं शेतें यांचा हा मुलूख. येथें सायकलीवर धानाचें पोतें जातें, दुधाची बरणी जाते, शाळेंत जाणारी मुलगीही जाते. समोरून वारा आला म्हणजे स्वार थोडा वांकतो, एवढाच त्याचा निसर्गाशीं झगडा. कांहीं माणसें मुद्दाम डोंगर शोधून त्यावर सायकल चढवितात, आणि कित्येकांचा तोच पोटाचा धंदा असतो, असें येथें कोणास सांगितलें तर तो हंसेल. परंतु या हंसण्यासारख्या गोष्टीस शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, व त्यांतील एक प्रकरण आपल्या बोरघाटांत घडलेलें आहे.

सन १९०३ मध्यें पॅरिसच्या एका क्रीडापत्रानें खप वाढविण्याच्या हेतूनें फ्रान्स देशाची प्रदक्षिणा करणारी शर्यत काढली. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होतें. साठ स्वार निघाले, एकवीस पोंचले. पहिला विजेता मोरीस गारँ हा पूर्वीं धुराडीं साफ करणारा मजूर होता. सन १९१० मध्यें चालकांनीं शर्यत पिरेनीज पर्वतांतून नेली. तेथील तुरमाले खिंड २,११५ मीटर उंच, आणि रस्ता म्हणजे दगडधोंड्यांची वाट. त्या दिवशीं ऑक्ताव्ह लापीझ या स्वारानें संतापून चालकांस खुनी म्हटलें; पण ती शर्यत जिंकली त्यानेंच. सन १९१३ मध्यें याच खिंडीवर यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमानें मनाई. तेव्हां सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक मैल पायीं उतरला आणि एका गांवच्या लोहारशाळेंत त्यानें स्वतः लोखंड तापवून ती सांधली. भाता एका मुलानें ओढला, एवढ्यावरून त्यास दंड झाला! वेग बदलण्याची दांतेरी चक्रांची सोय या शर्यतींत सन १९३७ पर्यंत वर्ज्य होती. तोंवर चढ आला कीं उतरून मागचें चाक उलटें बसवावें लागे.

चढावरच शर्यतीचा निकाल कां लागतो, याचें कारण साधें आहे. सपाटीवर मुख्य शत्रु वारा. त्याच्यापासून पुढच्या स्वाराच्या आडोशानें पुष्कळ बचाव होतो, आणि दुबळाही टोळीबरोबर वाहून जातो. घाटांत वेग मंदावतो, आडोसा जवळजवळ निरुपयोगी होतो, आणि प्रत्येकास स्वतःचें वजन स्वतःच वर उचलावें लागतें. म्हणून सन १९३३ पासून त्या शर्यतींत ‘पर्वतांचा राजा’ असा निराळा मान ठरविण्यांत आला.

आपल्याकडे हाच मान ‘घाटाचा राजा’ या नांवानें मुंबई-पुणें शर्यतींत देत आले. ती शर्यत सन १९४० नंतरच्या दशकांत सुरू झाली. खोपोली जवळजवळ समुद्रसपाटीवर, आणि खंडाळा तेथून सुमारें पांचशें मीटर उंच. हा घाटही फुकट मिळालेला नाहीं. सन १८३० मध्यें गव्हर्नर माल्कम यांनीं येथील गाडीरस्ता खुला केला. १८५६ ते १८६३ या काळांत लोहमार्ग झाला, त्यांत पटकी व अपघात यांनीं हजारों मजुरांचे प्राण घेतले. घाटाची वाट दाखविणाऱ्या शिंगरोबा धनगरास साहेबांनीं गोळी घातली, अशी कथा लोक सांगतात. त्याचें देऊळ आजही जुन्या रस्त्यावर आहे.

एवढा घाट असून, एवढे स्वार असून, आपल्याकडे हा धंदा कां झाला नाहीं? सन १९४८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकांत भारतीय सायकलस्वार उतरले होते. म्हणजे उमेद नव्हती असें नव्हे. परंतु फ्रान्समध्यें सायकलींचे कारखानदार स्वारांस पगार देत, आणि धुराडीं झाडणारा गारँ त्यावर जगूं शकला. आमच्या स्वारास रेल्वेंत किंवा फौजेंत नोकरी लागली तरच खेळ टिके. एरवीं लग्न झालें कीं सायकल भिंतीला लागे. मुंबई-पुणें शर्यतींतील बक्षीस एका दिवसाचें, पोट मात्र वर्षाचें.

तरीही कांहींनीं वाट काढली. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं सन २०१५ मध्यें अमेरिका एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत ओलांडण्याची शर्यत दोघांनीं मिळून पुरी केली. सन २०१७ मध्यें नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तेंच सुमारें ४,८०० किलोमीटर अंतर, रॉकी पर्वतासह, एकट्यानें बारा दिवसांच्या आंत कापलें. सन २०२६ च्या जानेवारींत पुणें जिल्ह्यांत अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली.

हे तिघेही व्यवसायानें वैद्य, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते तशीच बोंचतेही. ज्याच्या पोटाची सोय अगोदर झाली आहे तोच आमच्याकडे डोंगर चढूं शकतो. नागपुरासही घाट नाहीं, हें ध्यानांत ठेवावें; म्हणजे एकोडीच्या बांधावरून पोतें घेऊन वाऱ्याशीं झुंजणाऱ्या मुलाच्या पायांत काय उणें आहे? उणें आहे तें पायांत नव्हे, पदरांत. तें भरून निघेल तेव्हांच ‘घाटाचा राजा’ ही पदवी नुसती पदवी न राहतां भाकरीही होईल.