न्याहारीचं टेबल

डोळे मिटून आज सकाळचा नाश्ता आठवून पाहू या. ताटली, तिचा रंग, शेजारचा कप, खिडकीतून आलेला उजेड. चित्र दिसतंय का? दिसत असेल तर ते प्रत्यक्ष समोर असावं इतकं लख्ख आहे, की धूसर? की पोहे खाल्ले एवढं पक्कं माहीत आहे, पण दिसत मात्र काहीच नाही?

जवळजवळ हेच प्रश्न १८७९ च्या अखेरीस फ्रान्सिस गाल्टनने इंग्लंडमधल्या आपल्या ओळखीच्यांना पाठवले. गाल्टन मोजमापवेडा माणूस. हवामान, बोटांचे ठसे, माणसांची उंची, जे दिसेल ते मोजायचं, हा त्याचा खाक्या. आता त्याला मनातलं चित्र मोजायचं होतं. न्याहारीच्या टेबलाचं चित्र किती उजळ, किती रेखीव, किती रंगीत, असे तीन मुख्य प्रश्न होते.

उत्तरांनी तो चकित झाला. त्याच्या परिचयाच्या काही वैज्ञानिकांनी असं चित्र वगैरे काही नसतंच, असं कळवलं. ‘मनःचक्षू’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर निव्वळ अलंकार समजून वापरला होता. इतरांना खरोखरच काही दिसतं, हे त्यांना पटेना. ज्यांना दिसत होतं त्यांना उलट बाजूने तेवढंच नवल वाटलं. यात आम्हाला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की दोन्ही प्रकारची माणसं शतकानुशतकं एकच भाषा बोलत आली आणि फरक कुणाच्या ध्यानातच आला नाही. ‘आठवतं’ म्हटलं की दोघांचंही काम भागतं.

चार्टरहाउस या शाळेतल्या विज्ञानशिक्षकाने आपल्या मुलांना हेच प्रश्न विचारून १७२ उत्तरं गाल्टनला मिळवून दिली. त्यांची आणि १०० प्रौढ पुरुषांच्या उत्तरांची तुलना १८८० साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गाल्टनचा निष्कर्ष असा, की वैज्ञानिकांची चित्रशक्ती क्षीण असते. अमूर्त विचारांच्या सवयीने ती बोथट होत असावी.

गंमत म्हणजे, उत्तर देणाऱ्यांत चार्ल्स डार्विनही होता. नात्याने तो गाल्टनचा सावत्र मामेभाऊ. थंड मांसाचा तुकडा, काही द्राक्षं, एक पेअर आणि खाऊन झाल्यावरची ताटली हे सगळं त्याला छायाचित्रासारखं स्पष्ट दिसत होतं. डार्विनपेक्षा मोठा वैज्ञानिक गाल्टनला कुठून मिळणार होता? तरी निष्कर्ष बदलला नाही.

तो तसाच पाठ्यपुस्तकांत शिरला आणि शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला. २००६ साली ब्रूअर आणि शॉमर-एकिन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आजचे वैज्ञानिक आणि विद्यार्थी यांना न्याहारीचे प्रश्न विचारले, आणि गाल्टनने स्वतः छापलेले आकडेही पुन्हा तपासले. वैज्ञानिकांत चित्रं दुर्बळ असतात याला त्या आकड्यांत आधारच नव्हता! काही ठळक उत्तरांनी गाल्टन भारावून गेला असावा.

माणसं वेगळी आहेत हे पाहणं आणि त्यांची उतरंड लावणं या दोन गोष्टी गाल्टनच्या मनात वेगळ्या नव्हत्या. मनःचित्रांवरचं हे काम त्याने १८८३ च्या पुस्तकात समाविष्ट केलं, आणि त्याच पुस्तकात सुप्रजननशास्त्राचं इंग्रजी नाव प्रथम वापरलं. त्या विचाराच्या नावाखाली १९०७ पासून अमेरिकेतल्या राज्यांत आणि १९३३ पासून जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले.

मनःचित्रांचा अभ्यास मात्र मागे पडला. १९१३ मध्ये जॉन वॉटसनने मानसशास्त्राने फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासावं असा आग्रह धरला, आणि पुढची काही दशकं मनात काय दिसतं हे विचारणं अशास्त्रीय ठरलं.

प्रश्न पुन्हा वर आला तो एका रुग्णामुळे. हृदयाच्या रक्तवाहिनीवरच्या उपचारानंतर ६५ वर्षांच्या एका निवृत्त सर्वेक्षकाची मनातली चित्रं अचानक नाहीशी झाली. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याची हकिगत प्रसिद्ध केली. स्मृतीच्या चाचण्या तो व्यवस्थित सोडवत होता. एखादी आकृती मनात फिरवून दुसरीशी जुळते का, हेही अचूक सांगत होता. पण इतरांना जास्त कोनातून फिरवायला जास्त वेळ लागतो, तसा त्याला लागत नव्हता. उत्तर तेच, वाट निराळी!

ती बातमी वाचून काहीजणांनी कळवलं, की आमच्याकडे तर अशी चित्रं जन्मापासूनच नाहीत. त्यांतल्या २१ जणांवरून झीमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. त्यांना घराच्या खिडक्या मोजायला सांगितल्या, तर चित्र न पाहताच ते नेमका आकडा सांगत. आणि यातल्या बहुतेकांना स्वप्नात मात्र चित्रं दिसत! म्हणजे चित्र तयार करणारी यंत्रणा बंद नसते. जागेपणी हुकमासरशी ती चालत नाही, इतकंच.

पण हे सगळं माणसाच्या सांगण्यावरच तर नाही? २०२२ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी यावर छान युक्ती काढली. उजळ आकृतीची नुसती कल्पना केली तरी बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली किंचित आकसते. अफँटेझिया असलेल्यांची आकसली नाही. खऱ्या उजेडात मात्र ती आकसत होती. शिवाय एकाऐवजी चार आकृत्या कल्पायला सांगितल्यावर ती मोठी होत होती, म्हणजे प्रयत्न चालू होता.

कसोटी किती कडक लावावी त्यानुसार शंभरात एक ते चार माणसं अशी आढळतात. साठ मुलांच्या वर्गात एखाददुसरं मूल असणारच. ‘डोळ्यांसमोर शंकू आणा, आता तो आडवा कापा’ असं आपण फळ्यापाशी म्हणतो, तेव्हा ते मूल गप्प बसतं, कारण इतरांना काही दिसतंय हे त्यालाही ठाऊक नसतं. गाजर कापून दाखवलं, तर त्याचं अडत नाही.

चित्रं नाहीत म्हणजे सर्जनशीलता नाही, असं मात्र दिसत नाही. झीमन यांच्या २०२० च्या मोठ्या पाहणीत अफँटेझिया असलेल्यांत विज्ञान-गणिताकडे वळलेले जास्त आढळले, अतिस्पष्ट चित्रं दिसणाऱ्यांत कलांकडे वळलेले. (गाल्टन अगदीच चुकला नव्हता की काय, असं वाटावं, पण ही माणसं आपणहून पुढे आलेली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं.) आणि तरीही ‘पिक्सार’ या चित्रपटसंस्थेचे सहसंस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही. १९८९ च्या ‘द लिटल मरमेड’मधली एरियल रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही दिसत नाही. कीन कागदावर रेघोट्या मारत जातात, आणि त्या रेघांतून हळूहळू चेहरा वर येतो.