रासायनिक संयंत्रांतील अगंज पोलाद

रासायनिक कारखान्यांतील टाक्या, अभिक्रियापात्रे, नळ, झडपा आणि पंप यांच्या बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या, किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या लोहमिश्रधातूंना अगंज पोलाद म्हणतात. व्यवहारात त्यास स्टेनलेस स्टील किंवा नुसते ‘एसएस’ असे संबोधले जाते. ‘अगंज’ हा शब्द शब्दशः घेण्याजोगा नाही. प्रत्येक प्रकारच्या पोलादास विशिष्ट रसायने, विशिष्ट संहती आणि विशिष्ट तापमान एवढ्यापुरतेच संरक्षण लाभते. त्या मर्यादेबाहेर ते साध्या पोलादाप्रमाणेच झिजते.

इतिहास

इ.स. १९१२ मध्ये जर्मनीतील एसेन येथे क्रुप कंपनीतील एडुआर्ड माउरर आणि बेनो श्ट्राउस यांनी क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद विकसित केले. पुढील वर्षी इंग्लंडमधील शेफिल्ड येथे बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत असताना हॅरी ब्रियर्ली यांना सुमारे १३ टक्के क्रोमियमचे गंजरोधक पोलाद मिळाले. रासायनिक उद्योगाने पुढे मुख्यतः स्वीकारला तो जर्मन परंपरेतील निकेलयुक्त प्रकार.

संरक्षक थर

क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन उपलब्ध असल्यास हा थर आपोआप भरून निघतो. म्हणूनच नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारक द्रवात हे पोलाद उत्तम टिकते, तर हायड्रोक्लोरिक आम्लात त्याचा निभाव लागत नाही. त्या आम्लासाठी रबराचे किंवा काचेचे अस्तर दिलेली पात्रे वापरतात.

युरियानिर्मितीत या तत्त्वाचा चांगला प्रत्यय येतो. तेथे उच्च दाबाखाली तयार होणारे अमोनियम कार्बामेट अत्यंत संक्षारक असते. थर टिकून राहावा म्हणून कच्च्या मालातील कार्बन डायऑक्साइडमध्ये थोडी हवा किंवा ऑक्सिजन मुद्दाम मिसळतात. हा पुरवठा खंडित झाल्यास उत्तम प्रतीचे पोलादही वेगाने झिजू लागते. रायगड जिल्ह्यातील थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात युरियाचे उत्पादन होते.

प्रचलित प्रकार

३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने क्लोराइडांना ते अधिक तोंड देते. अंकापुढील ‘एल’ हे अक्षर कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत मर्यादित असल्याचे दर्शवते. ९०४एल यात २५ टक्क्यांच्या आसपास निकेल व थोडे तांबे असून ते सल्फ्युरिक आम्लासाठी वापरतात. महाग तेच सर्वत्र सरस, हा समज मात्र चुकीचा आहे. नायट्रिक आम्लासाठी ३१६एलऐवजी स्वस्त ३०४एलच सहसा पसंत केले जाते.

क्लोराइडांचा धोका

क्लोराइड आयन संरक्षक थर ठिकठिकाणी भेदतात. पृष्ठभाग चकचकीत दिसत असतानाच आत सुईने टोचल्यासारखी छिद्रे खोल जातात. याहून घातक म्हणजे ताणजन्य संक्षारण. वेल्डिंगमुळे किंवा वाकवल्यामुळे ताण उरलेल्या ३०४ व ३१६ पोलादात, साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या वर, क्लोराइडांमुळे फांद्या फुटल्यासारखे बारीक तडे जातात. धातूची जाडी मोजून हे तडे कळत नाहीत. उष्णतारोधक आवरणाखाली पावसाचे पाणी मुरल्यास बाहेरूनही हीच प्रक्रिया घडते. अशा ठिकाणी २२ टक्के क्रोमियमचे, मिश्र रचनेचे ‘डुप्लेक्स’ पोलाद श्रेयस्कर ठरते.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे ज्या टाकीतून मिथिल आयसोसायनेटची गळती झाली, ती ३०४ प्रकारच्या पोलादाची होती. टाकीत पाणी शिरले होते आणि क्लोरोफॉर्मचे प्रमाणही ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक होते. वाढत्या तापमानात क्लोराइडांनी टाकीच्या भिंतींवर परिणाम केला व त्यातून सुटलेल्या लोहाने अभिक्रियेस उत्प्रेरकाप्रमाणे गती दिली, असा निष्कर्ष नंतरच्या रासायनिक तपासणीत मांडण्यात आला. टाकी स्वतः फुटली नाही. वायू बाहेर पडला तो सुरक्षा झडपेच्या मार्गाने. दुर्घटनेची कारणे अनेक होती, परंतु पात्राची भिंतही आतील द्रव्याशी अभिक्रिया करू शकते, हे संयंत्राच्या आराखड्यात गृहीत धरावे लागते.

वेल्डिंग व पारख

सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोलाद रेंगाळल्यास कार्बन क्रोमियमशी संयोग पावून कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतात. सीमेलगतचा भाग क्रोमियमला पारखा होतो आणि तेथून धातू पोखरली जाते. कमी कार्बनचे ‘एल’ प्रकार किंवा टायटॅनियमयुक्त ३२१ वापरून हा दोष टाळतात. वेल्डिंगनंतरचे निळे-तपकिरी डाग आम्लाने धुऊन काढतात. कारखान्यांत यास पिकलिंग म्हणतात. हे काम घाईत उरकले गेले तर गंजाची सुरुवात बहुधा सांध्यापासूनच होते.

बाजारात लोहचुंबक लावून पोलादाची पारख करण्याची पद्धत दिसते. ती येथे निरुपयोगी आहे. मँगनीजयुक्त स्वस्त २०२ प्रकारही ३०४ प्रमाणेच चुंबकास चिकटत नाही, तर दर्जेदार डुप्लेक्स मात्र चिकटते. ३०४ व ३१६ यांतील फरकही त्याने कळत नाही. त्यामुळे माल स्वीकारताना क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातील यंत्राने घटकांचे प्रमाण पाहतात. कार्बन मात्र या यंत्राने मोजता येत नसल्याने ‘एल’ प्रकाराची खात्री करण्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते.