तंजावरी वीणा (टिकाऊपणा व दुरुस्ती)

तंजावरी वीणा : सरस्वती वीणेचा तंजावर (तमिळनाडू) येथे घडवला जाणारा प्रकार. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. चोवीस स्थिर पडद्यांच्या आजच्या रचनेचे श्रेय परंपरा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील रघुनाथ नायक व त्यांचे मंत्री गोविंद दीक्षित यांना देते. मराठा राजवटीत (१६७६–१८५५) संगीताला राजाश्रय होता. ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ तुळजाजी राजांच्या नावावर आहे.

वादक व वादनपद्धती : पाहा ‘कर्नाटक संगीत’.

रचना व दुरुस्ती : वीणा फणसाच्या लाकडाची असते, हे लाकूड बऱ्याच अंशी पणरुट्टी भागातून येते. एकाच ओंडक्यातून कोरलेली वीणा सांध्याच्या वीणेपेक्षा श्रेष्ठ मानतात. चार तारा पडद्यांवरून जातात, तीन बाजूला साथ व तालासाठी असतात. या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे मेण. दांडीवर कोळशाची पूड मिसळलेल्या मेणाचे दोन कठडे असतात आणि पितळी किंवा काशाचे पडदे त्यांत बसवलेले असतात. उष्म्याने आणि वापराने मेण हलते, पडदे झिजतात, स्वर ढळतात. मग कारागीर मेण काढून नवे घालतो आणि एकेक पडदा कानाने ऐकत पुन्हा बसवतो. म्हणजे हे वाद्य ठरावीक काळाने बिघडावे अशीच त्याची घडण आहे. तरीही त्याला नियोजित कालबाह्यतेचे, म्हणजे वस्तू लवकर निकामी व्हावी म्हणून उत्पादकाने मुद्दाम केलेल्या रचनेचे, उदाहरण कोणी म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे.

नियोजित कालबाह्यतेवरील एक परिचित माहितीपट म्हणजे कोझिमा डॅनोरित्झर यांचा ‘द लाइट बल्ब कॉन्स्पिरसी’ (२०१०). त्यात मुख्य आरोपी आहे फीबस हा बल्ब उत्पादकांचा संघ. १९२४ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या या संघाने बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि ते ओलांडणाऱ्या सदस्यांना दंड ठोठावला. प्रस्तुत नोंदकाराच्या मते चित्रपटाचा हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. तंतू जितका अधिक तापवावा तितका त्याच विजेत उजेड अधिक मिळतो, पण तंतूचे आयुष्य घटते. १,००० तास ही त्यातली वाजवी तडजोड असल्याचे ब्रिटिश मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये मान्य केले होते. दंडाची पद्धत अर्थात यामुळे निर्दोष ठरत नाही. चित्रपटातले अधिक बळकट उदाहरण प्रिंटरचे आहे. त्यातील चिप छपाई मोजते आणि ठरलेला आकडा गाठताच यंत्र बंद पाडते. टाकाऊ शाई शोषणारा स्पंज भरतो, ती बाहेर सांडू नये म्हणून ही सोय, असे त्याचे समर्थन केले जाते. ते खरे धरले तरी स्पंज बदलून आकडा शून्यावर आणण्याची मुभा मालकाला का नसावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. स्पंज आणि मेण दोन्ही स्वस्त, दोन्ही संपणारे. एकाला कुलूप आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून वस्तू किती काळ चालते यापेक्षा एक भाग निकामी झाल्यावर उरलेली वस्तू वाचवता येते का, ही कसोटी अधिक भरवशाची आहे.

वीणा महाग आणि हाताने घडवलेली असते, तिची तुलना कारखान्यातल्या मालाशी कशी करावी, असा आक्षेप येईल. किंमत जास्त असल्याने मालकाला दुरुस्ती हवीशी वाटते हे खरे. पण दुरुस्ती शक्य होते ती रचनेमुळे. रॉकेलचा पितळी स्टो कारखान्यातच बनत होता आणि त्याचा वायसर, पिन, बर्नर गल्लीतल्या दुकानात मिळत असे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मेणामुळे वादक कारागिरावर कायमचा अवलंबून राहतो, आणि त्यात कारागिराचे उत्पन्नही असते. हे अवलंबित्व नाकारता येत नाही, मात्र ते एका कारखान्यापुरते नाही. वीणा घडवणाऱ्याकडेच ती न्यावी असे बंधन नसते, हे काम येणारा कोणीही ते करू शकतो. धोका आहे तो असे हात कमी होण्याचा. मेणाऐवजी कृत्रिम द्रव्य वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. तेही याच कसोटीवर पाहावे लागतील : पडदे जास्त दिवस टिकले, तरी ते उचलून पुन्हा बसवता येतात का?